डाव्या पायाचं काम

गाडी सदुसष्ट सालची, दोन दारांची, उघड्या टपाची,
आणि आमचं गाव असं, की वर्षातले दोनशे दिवस आभाळ गळतं.
"हिला घेऊन जाणार कुठे?"
लग्नाआधीच विचारलं होतं मी इदवलला.
तो म्हणाला, "वर."

वर म्हणजे घाटात.
पाटीच्या दगडाचे काळे ढिगारे दोन्ही बाजूंना,
मधून एकच रस्ता, मेंढ्यांनी आधीच अडवलेला.

पाय जाऊन तीन वर्षं झाली. साखरेने नेला, गुडघ्याखालून.
दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं:
चालवू शकतील, क्लच नसलेली.
मग ती गॅरेजात चादरीखाली,
हा खिडकीशी ब्लँकेटखाली.
कोण आधी गंजतं, एवढंच बघायचं राहिलं होतं.

मी पस्तीस वर्षं गावोगाव फिरून जखमा बांधल्या.
वरून कोरडी दिसते तीच आतून वाहते,
हे मला कुणी शिकवायला नको.
दाराखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला
तर मुठीपर्यंत आत गेला.

आत लांबी, आणि लांबीच्या मागे
बोळा करून कोंबलेलं वर्तमानपत्र.
एकोणऐंशी सालचे मेंढ्यांचे भाव.
इदवलला वाचून दाखवले. तो खूप दिवसांनी हसला.
"स्वस्त होत्या," म्हणाला.

खरवडत गेले. हिरव्याखाली लाल,
लालाखाली सायीसारखा पांढरा,
त्याखाली पुन्हा हिरवा, पण वेगळा, जुन्या बाटलीचा.
म्हणजे कुणीतरी दोनदा मन बदलून
परत तिथेच आलं होतं.

वेल्डिंग शेजारच्या गेथिनने शिकवलं, वय अठरा, बोलणं कमी.
माझा पहिला सांधा बघून एकच शब्द म्हणाला: "कबूतर."
चाळिसाव्या सांध्याला काहीच म्हणाला नाही.
इंजिनाचं झाकण रंगवून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजलं,
पुढचे तीन रविवार कोकराच्या मांसाला
लाल रंगाचा वास.
इदवल खुर्चीतून हुकूम सोडायचा,
अर्धा इंच, अर्धा इंच, तो नव्हे, त्याच्या शेजारचा पाना,
आणि मी डोळ्यांत तेल घालून शोधायचे.
एकदा खरंच गेलं तेल डोळ्यात. कार्ब्युरेटरचं.
तेव्हा मी जे बोलले ते चॅपलमध्ये सांगता येणार नाही.

भांडण लिव्हरवरून झालं.
गेथिनच्या मोडक्या मोटरसायकलची ब्रेकची मूठ,
ती गियरच्या दांड्यावर बसवायची,
दाबली की क्लच सुटेल. हाताने.
इदवल म्हणाला, "मूळ गाडीत असलं काही नव्हतं."
मी म्हणाले, "मूळ माणसातही नव्हतं."
आणि त्याच्या पँटच्या बाहीकडे,
आतल्या प्लॅस्टिकच्या नडगीकडे बघितलं.

दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाखाली गॅसचं बिल,
मागे पेन्सिलीने काढलेली मूठ,
कोन मोजून, बोटांची लांबी लिहून.
करंगळीपुढे टीप: ही आता नीट वाकत नाही.

क्लबाचे प्रिदर्क येऊन गेले.
एकेका स्क्रूचं डोकं वाकून बघितलं.
"काम सुरेख, नेरिस. पण आता ती अस्सल राहिली नाही."
मी त्यांना केक दिला. दुसरा तुकडा दिला नाही.

काल निघालो.
चॅपलपाशी बंद पडली. पोस्टापाशी बंद पडली.
शाळेपाशी पोरांनी ढकलायची तयारी केली, तेवढ्यात सुटली.
घाटाच्या पहिल्या वळणावर
तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना
त्याची चार बोटं मुठीवर आवळली,
करंगळी बाहेर, चहा प्यायल्यासारखी.
मी डावीकडे बसले होते, म्हणून मला दिसलं:
त्याच वेळी त्याची डावी मांडीही ताठ झाली,
आणि खाली, जिथे काही नाही,
तिथे त्याने जोर दिला.

मी काही बोलले नाही.
पाऊस सुरू झाला होता,
आणि टपाचं एक बटण
अजून माझ्या शिवणाच्या डब्यातच आहे.